अठ्ठाविसावी जागा

मे महिन्यात बारवी धरणाचं पाणी खाली गेलं, तेव्हा काठावरच्या वाडीत गणिताचा उन्हाळी वर्ग घेणाऱ्या प्रतिभाला गाळात दगडांचे त्रिकोण दिसले. आधी एकच दगड. पुढे तीन, मग सहा, दहा, पंधरा. मुठीएवढे काळे दगड, सारख्या अंतरावर.

तिला गंमत वाटली. वर्गात फळ्यावर ती हेच त्रिकोणी आकडे शिकवत होती. प्रत्येक आकृतीत एक ओळ वाढते, म्हणून पुढे एकवीस, असं तिने पोरांना सांगितलं. चार दिवसांनी पाणी आणखी हटलं. सहावा त्रिकोण उघडा पडला. एकवीस.

"कुणी मांडले हो हे?" तिने काठावर शेळ्या चारणाऱ्या नवसूला विचारलं.

म्हातारा तिकडे न बघताच म्हणाला, "गेल्या सालाला पानी याच्याबी खाली गेलेला, बाई. तवा दगड नव्हते."

म्हणजे पाण्याखालीच मांडले गेले. हा विचार तिने झटकला. पण पुढचा आकडा तिला ठाऊक होता, आणि तो चुकावा असं पहिल्यांदाच तिला वाटू लागलं.

पुढच्या आठवड्यात सातवा त्रिकोण वर आला. वर्ग सुटल्यावर प्रतिभा गाळात उतरली. ऊन होतं, वारा पडला होता. एकेका ओळीच्या कडेने चालत ती दगड मोजत गेली. शेवटच्या ओळीत सात हवे होते. सहाव्या दगडानंतर एक पाऊल टाकून ती थांबली. पुढे नुसतं पाणी.

सत्तावीस. एक कमी. तिला हायसं वाटलं.

"नवसूबाबा, तुम्ही मोजा बरं तिथून," तिने काठाकडे हाक दिली.

नवसूने बोट हलवत मोजलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"अठ्ठावीस," तो म्हणाला.

प्रतिभाने खाली पाहिलं. ओळीच्या टोकाला, नेमक्या अंतरावर, तिचे पाय होते.

ती धावतच वर आली. दुसऱ्या दिवशी तिकडे फिरकलीही नाही. दुपारी नवसू शाळेच्या दाराशी आला. तिच्याकडे बघत राहिला, पण उंबरा ओलांडेना.

"काय झालं, बाबा?"

"तुम्ही हितं हाव," तो हळूच म्हणाला. "मग सकाळधरनं तिथं कोन उभी हाय?"