डायनामा बसेना

पडेगावच्या आमच्या दुकानात ट्रॅक्टरचे डायनामे येतात, जीपचे येतात, एकदा तर लग्नाच्या बँडच्या गाडीचाही आला होता. पण ओल्या बारदानात गुंडाळलेला, काउंटरवर टपटप पाणी गाळणारा डायनामा मी पहिल्यांदाच पाहिला. आणि तो घेऊन आलेला माणूस... जाऊ दे, आधी डायनाम्याचं सांगते.

"कशाचा आहे?"

"बोटीचा."

मला हसूच आलं. ज्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे ज्योतिष्यालाही सांगता येत नाही, तिथे हा गडी बोट घेऊन निघाला होता.

"बोट चालवता कुठे, हौदात?"

"जायकवाडीच्या फुगवट्यात. धरनाचं पानी गंगापूरकडं येतं ना, तिथं. बोटीला जीपचंच इंजिन बसवलंय."

तो हसला नाही. डोळे मात्र हसत होते, आणि ते मला दिसू नयेत म्हणून त्यानं मान खाली घातली. नाव विचारलं तर रामेश्वर म्हणाला. मी डायनामा हातानं फिरवून पाहिला. आतून गंजून खरखरत होता.

"हा गेला. याच ताकदीचा नवा देते."

"याच्या दुप्पट ताकदीचा द्या. मोठे दिवे लावायचेत."

"बोटीवर? कशाला?"

"अंधारात लागत्यात," तो म्हणाला आणि उगाच रस्त्याकडं बघायला लागला.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

कारण नदीवर अंधारात दिवे लावून कुठल्या बोटी फिरतात, हे मला चांगलं माहीत होतं. माझ्या मामाचं शेत गोदावरीच्या काठी. वाळू उपसणाऱ्या बोटींनी नदीचं पात्र खरवडून काढलं आणि मामाची विहीर कोरडी पडली. तेव्हापासून माझा नियम आहे — वाळूच्या बोटीला या दुकानातून साधा नटसुद्धा जाणार नाही.

त्याला तोंडावर विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मोठा डायनामा काढून दिला. तो निघाला तेव्हा आणखी एक गोष्ट खटकली. दुकानात येणारा लहानथोर प्रत्येक जण मला 'मंजुषाताई' म्हणतो. हा मात्र सगळं बोलला, आणि ताई काही म्हणाला नाही.

चार दिवसांनी तो परत. "बसंना."

"काय बसेना?"

"डायनामा. बोल्टाची भोकं जुळत नायत."

मी दुसरा दिला. तोही परत आला — म्हणे पट्टा घासतो. सोबत पिशवीभर शिंगाडे.

"हे कशाला?"

"पान्यातलं हाय. तुमचा इश्वास बसावा म्हनून."

"कशावर?"

"बोट खरीच हाय, ह्याच्यावर."

"माणूस खरा आहे का, ते शिंगाड्यांवरून कळत नाही," मी म्हणाले. तो मनापासून हसला, आणि मला माझाच राग आला. तोंड बंद ठेवावं म्हणूनही लोक असंच काहीतरी हातावर ठेवतात. वर शिंगाडे गोड निघाले.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो दारात जाऊन बोलायला लागला. दौलताबाद रोडवरून हॉर्न दाबत ट्रक चालला होता, त्यातून मला एवढंच ऐकू आलं — "...वाळूची खेप अंधार पडल्यावरच येनार. दिवे नायत तवर जपून."

वाळूची खेप. म्हणजे माझा संशय खरा होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. चोर पकडला याचा आनंद व्हायला हवा होता, आणि मला तर रडू येत होतं. इतकी कशी मी वेडी, की नेमका हाच आवडावा?

बदलून नेलेला तिसराही घेऊन तो पुन्हा "बसंना" म्हणत आला, तेव्हा मी म्हणाले, "मीच येते बोटीवर. बसवून देते."

त्याचा चेहरा पडला. "तुमी? आन् ते कशाला?"

"का? बघण्यासारखं नाही का काही?"

"तसं नाय..." तो घुटमळला. "या मग. सांजच्याला या."

मोबाइलमध्ये तहसीलदारांचा नंबर काढून ठेवला आणि स्कूटीवरून निघाले. थंडीचे दिवस, सहाला काळोख व्हायला लागलेला. काठावर बोट उभी होती. आत लाकडी बाक, बाकांवर केशरी जाकिटं. मी फळ्यांखाली वाकून पाहिलं. वाळू उपसायचा पंप नाही, पाइप नाही, वाळूचा कणही नाही.

"काय हुडकताय?"

"पाना," मी म्हणाले. पाना माझ्या हातातच होता.

एवढ्यात रस्त्यावर कंपनीची बस थांबली. हातात डबे घेऊन दमलेली माणसं उतरली. पुढे एक वयस्क बाई होती. "रामेश्वर," ती म्हणाली, "आज वाळूजची खेप येळेवर हाय बग."

"कुठली खेप?" मी विचारलं.

"वाळूजची. कंपनीत कामाला जातो आमी, पल्याडच्या गावची मानसं. हाच नेतो-आनतो. पर दिवा नसला की लई भ्या वाटतंय, बाई."

वाळूज. मधला ज ट्रकच्या हॉर्ननं गिळला होता. आता त्या पाण्यानं मला गिळलं असतं तरी चाललं असतं.

"मग सांगत का नव्हतात?" मी पुटपुटले.

"बोटीच्या परवान्याचा कागद अजून हापिसात फिरतोय. आन् तुमी पोलिसावानी इचारत हुता. मला तुमचाच वहीम आला."

मी इंजिनापाशी बसले. भोकं बघितली, पट्टा बघितला, आणि त्याच्याकडे बघितलं. "मी दिलेला पहिलाच डायनामा बसला असता की इथे."

तो मान खाजवायला लागला. "व्हय. बसला असता."

"मग परत का आणलात?"

"बसला म्हनलो असतो, तर... पुन्यांदा काय सांगून यायचं?"

माझे कान तापले. मी बोल्ट आवळले, तारा जोडल्या. इंजिन सुरू झालं, दिवे लागले आणि पलीकडचा काठ दिसला. आम्ही काठावर उतरलो, माणसं बोटीत चढायला लागली. आता गप्प बसणं मला जमेना.

"मी तुम्हाला वाळूचोर समजत होते."

तो एकदम गंभीर झाला. "तोंडावर इचारायचं हुतं की."

"ओठांवर यायचं. पण तुम्ही हो म्हणाला असतात, तर तुम्हाला दुकानाची पायरी चढू देता आली नसती." मी पाना पुसत राहिले. "म्हणून विचारलं नाही."

 तो हळूच म्हणाला, "मी बी एक इचारलं नाय तुमाला."

"काय?"

"तुमचं कुटं ठरलंय का. व्हय म्हनला असता, तर मला पुन्यांदा डायनामा घिऊन येता आलं नसतं."

"नाही ठरलेलं," मी म्हणाले, आणि बोटीत चढले.