अकरा-बारामधली फट

पहिल्याच भेटीत तो माझ्यावर ओरडला होता.

त्या दिवशी आमच्या घराच्या भिंती ट्रकमधून येत होत्या. कारखान्यातूनच मापात कापलेली, पोटात जाड फोम भरलेली मोठमोठी पॅनेलं. मी आपली नकाशा बघत बघत चालले होते, डोक्यावर क्रेनला एक टांगलेलं आहे याचा पत्ताच नाही. तो शिडीवरून धावत उतरला, दंडाला धरून मला बाजूला ओढलं आणि ओरडला, "घर बांधायचंय ना? मग त्यात राहायला शिल्लक राहा की."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तेव्हाच माझं काहीतरी बिनसलं असणार.

मग रोज काही ना काही निमित्त काढून मी तिथे जायचे. त्याचं काम सांध्यांचं – दोन पॅनेलांच्या मधे फोम मारायचा, वर पट्टी चिकटवायची आणि शेजारी पेन्सिलीने तारीख टाकायची. बाबांनी त्याचं नावच फोमवाला पाडलं. "काय म्हणतोय तुझा फोमवाला?" असं विचारताना त्यांना हसू यायचं, आणि हसता हसता खोकला. तो थांबेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. भाड्याच्या ओल्या खोलीत मागचा हिवाळा त्यांनी कसाबसा काढला होता. पुढचा तिथे नको, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. म्हणून हे घर, ऊब धरून ठेवणारं.

आणि आज त्या घराची तपासणी. दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढायची आणि फटींतून किती हवा आत शिरते ते मोजायचं. आकडा एकच्या खाली आला की घर पास. बाबांना ऊब मिळणार... आणि फोमवाला दुसऱ्या कामावर जाणार. घर आजच पास व्हावं असं मला खरंच वाटतंय का, हे मला स्वतःलाही सांगवत नव्हतं.

आकडा आला – दोन पूर्णांक एक.

"कुठेतरी मोठी फट आहे," तपासनीस बाई म्हणाल्या. "चारपर्यंत मी आहे. नाहीतर पुढची तारीख दोन महिन्यांनी."

दोन महिन्यांनी म्हणजे ऐन थंडीत.

धुराची नळी घेऊन तो एकेक सांधा बघत निघाला, मी मागोमाग. अकरा आणि बारा नंबरच्या पॅनेलांमधे, तुळईच्या आड, धूर एकदम आमच्याकडे उडाला. हातभर सांधा रिकामा. ना फोम, ना पट्टी, ना तारीख.

"चूक माझी आहे," तो बाईंना ऐकू जाईल असं म्हणाला. मग हळूच मला, "तुम्हाला ओरडायला उतरलो ना... तो हाच सांधा अर्धा टाकून. परत चढलो तर काय करत होतो तेच आठवेना."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"तुमच्या त्या बघण्यामुळे."

"मी घाबरून बघत होते."

"मला काय माहीत? मी त्याच्यावर दोन महिने काढलेत."

त्याने फोम मारला. तो सुकेपर्यंतचा एक तास मी पायरीवर नखं खात काढला. पट्टी बसली, पुन्हा पंखा लागला. आकडा उतरत उतरत शून्य पूर्णांक नऊवर थांबला, आणि मला रडूच फुटलं.

बाई गेल्यावर त्याने सांध्याशेजारी तारीख टाकली आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"पुढचं काम लांब आहे. दर रविवारी यावं म्हणतो... तुमची हरकत नसेल तर. तोंडाने सांगता येत नसेल तर इथे लिहा. उद्या यावर भिंतीचा बोर्ड लागला की कुणाला दिसायचं नाही."

अक्षर वेडंवाकडं आलं. मी लिहिलं, 'ये. वाट बघते.'

आता बरोबर त्याच भिंतीला बाबांची खुर्ची आहे. बाहेर कडाक्याची थंडी आहे, पण खोकला नाही. रविवारी मात्र माझ्याआधी तेच दाराकडे बघायला लागतात.

"फोमवाला अजून कसा आला नाही गं?"