काठी किती रुतली

तात्राच्या डोंगरात स्कीवाल्यांचा एक लाकडी निवारा आहे. त्याचा राखणदार इमरिख. रोज पहाटे बाहेर जायचं, काठी बर्फात खुपसायची आणि वहीत लिहायचं, घट्ट की मऊ. वसंतात रात्रभर आभाळ झाकलेलं राहिलं की बर्फ गोठत नाही, मग उतारावरचा बर्फ कधी अंगावर येईल याचा नेम नसतो. 'मऊ' दिसलं की लोक मुकाट दुसरा चहा मागत; 'घट्ट' दिसलं की खाली आपलं नाव आणि निघण्याची वेळ लिहून निघत, परतले की परतण्याची.

गेल्या एप्रिलात एकदाच त्याने कंटाळा केला. रात्रीची रम उतरली नव्हती. अंथरुणातूनच खिडकीतला तापमापक पाहिला, शून्याखाली दोन, आणि लिहून टाकलं, घट्ट. त्या शब्दावर विसंबून रादोव्हान नावाचा तरुण स्कीवर निघाला आणि बर्फाखाली गेला तो गेलाच. अजून सापडलेला नाही. खोटं एका शब्दाचं हो, पण माणूस अख्खा गेला! आणि हा मेल्या मनाचा वर्षभर गप्प.

काल रादोव्हानची आई यार्मिलाकाकू फावडं घेऊन आली. एकटीच. लेकाला शोधायला.

आज पहाटे काठी गुडघाभर रुतली. इमरिखने 'मऊ' लिहिलं आणि चहा ठेवला. वळून पाहतो तर वहीत 'घट्ट'. त्याचंच अक्षर, शाई ओली. त्याने खोडून पुन्हा लिहिलं. किटली उतरवली... पुन्हा 'घट्ट'. शेगडीपाशी ओल्या लोकरीचा वास येत होता. वाळत तर काहीच घातलं नव्हतं.

काकू बूट बांधून वहीपाशी आली.

"घट्ट आहे म्हणतोस. निघते मी."

"नको काकू... मऊ आहे."

"मग हे काय माझ्या बापाने लिहिलं?"

इमरिखने लेखणी खाली ठेवली.

"गेल्या वर्षी... मी बाहेर गेलोच नव्हतो, काकू. काठी घातलीच नव्हती. झोपूनच लिहिलं..."

ती रडली नाही, ओरडली नाही. बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडू लागली.

"माहीत आहे. तू कबूल करतोस का तेच पाहत होते. रात्री तो इथेच बसला होता, माझ्या शेजारी. म्हणाला, आई, तू जाऊ नकोस. बर्फ मऊ आहे."

"मग वहीत घट्ट... कोणासाठी?"

"तुझ्यासाठी रे."

इमरिखने वहीत पाहिलं. 'घट्ट'च्या खाली त्याचं स्वतःचं नाव होतं. निघण्याची वेळ, सहा. भिंतीवरच्या घड्याळात सहाला दहा मिनिटं कमी होती. आणि परतण्याच्या रकान्यात, गेल्या वर्षी रादोव्हानच्या नावापुढे इमरिखनेच ओढली होती तशीच, आडवी रेघ.