फक्त हसणं ठेव

शार्दूल, बाल्कनीचं दार लावून घे, धूर आत येतोय. सुखदा, तू इकडे सरक. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसभावाच्या मुलाच्या, पुष्करच्या बाबतीत घडलेली आहे.

पुष्कर इथेच नोएडात व्हिडिओ एडिटर आहे. गेल्या नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. संध्याकाळी तो गुरुग्रामला गेला, हेरंबकडून पेनड्राइव्ह आणायला. हेरंब त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याचे वडील वारले होते आणि दुसऱ्या दिवशी तेरावा होता. तिथे दाखवायला छोटी फिल्म हवी होती.

"मोबाइलवर काढलेल्या क्लिप्स आहेत," हेरंब म्हणाला. "सगळ्या जोड. बोलणं काढून टाक, फक्त हसणं ठेव."

"बोलणं का काढायचं?"

"अरे यार, शेवटी शेवटी बाबा काहीही बोलायचे."

पुष्कर घरी आला, जेवला आणि कामाला बसला.

क्लिप्समध्ये बाबा अंथरुणाला खिळलेले. हेरंब एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने त्यांना खिमट भरवतोय.

"खिमट म्हणजे काय, काका?"

बाळाला देतात ना, डाळतांदळाचं पातळ, ते. तर तोंडातला घास गिळलेला नाही, तोवर वर दुसरा चमचा. हनुवटीवरून ओघळतंय. मानेच्या सुरकुत्यांत आदल्या दिवशीचं वाळून पापुद्रे धरलेले. त्यावर माशी. बाबा म्हणतायत, "पाणी दे रे... पाणी." आणि फोनमागून हेरंबचा गोड आवाज, "आधी हसा. ताईला पाठवायचंय. हसा ना, बाबा!"

मग ते हसायचे. भरल्या तोंडाने. तिथे क्लिप संपायची. पाणी पाजलेलं एकाही क्लिपमध्ये नव्हतं.

ताई म्हणजे हेरंबची मोठी बहीण गिरिजा. ती सिंगापूरला असते. तिला बिचारीला त्यातलं कापलेलं नुसतं हसू पोचायचं.

पुष्करला शिसारी आली. बाबांची नव्हे रे. त्या चमच्याची. त्या लाडीगोडीची. पण मित्राला शब्द दिलेला. त्याने 'पाणी' कापायला सुरुवात केली.

आता एक समजून घ्या. मोबाइलचा व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो. त्यात प्रत्येक चित्र पूर्ण नसतं. एक पूर्ण, आणि पुढे फक्त काय हललं तेवढंच. भलत्या जागी कापून जोडलं की आधीचा चेहरा पुढच्या चित्राला चिकटून राहतो. लिबलिबीत होऊन ओघळतो.

तसंच झालं. हसणाऱ्या चेहऱ्यावर आधीचं तोंड तसंच राहिलं. उघडं. आत पांढरा लगदा.

"ग्लिच असणार, काका."

त्यालाही तेच वाटलं. जागा बदलून त्याने पुन्हा कापलं. तोंड राहिलंच. आवाज पूर्ण बंद केला...

"पाणी..."

स्पीकर बंद होता, शार्दूल.

मग वास आला. आंबलेल्या भाताचा. त्याखाली लघवीचा. त्याने स्वयंपाकघर पाहिलं. ओटा कोरडा, स्वच्छ. परत आला, माउसवर हात ठेवला... ओलं. कोमट. बोटांना चिकट तार सुटली. त्यात शितं.

तो उठून धावला. बेसिनमध्ये ओकला. साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. वास गेला नाही.

परत येऊन पाहतो तो फिल्म आपोआप चालू होती. शेवटच्या हसण्यापाशी आली. तिथे संपायला हवी होती.

संपली नाही.

पुढे एक क्लिप... त्याने न जोडलेली. पेनड्राइव्हमध्ये नसलेली. खाटेवरून वर पाहिल्यासारखी. कडेला उशीची खोळ. आणि वर वाकलेला हेरंब. नाकाला रुमाल बांधलेला. कपाळाला आठ्या. तोंडाने मात्र, "हसा ना, बाबा!" एका हातात चमचा. दुसऱ्या हातात... फोन.

पुष्करने तेव्हाच त्याला फोन लावला.

"हेरंब, भरवताना खोलीत दुसरं कोण होतं? दुसरा फोन?"

"कोणी नाही. मी आणि बाबा. का रे?"



"मी हे काम करणार नाही," पुष्कर म्हणाला.

सकाळी तो तेराव्याला गेला तो थेट सिंगापूरहून आलेल्या गिरिजाकडे. काही न कापलेलं सगळं तिच्या हातात दिलं, आणि ती जास्तीची क्लिपही. तिने आतल्या खोलीत बसून पाहिलं. बाहेर आली ती हेरंबच्या पानासमोर उभी राहिली. सगळ्यांदेखत विचारलं, "पाणी का नाही दिलंस?" तो ताटाकडे बघत बसला. तेव्हापासून ती त्याच्याशी बोललेली नाही. पुष्करनेही तो मित्र सोडला.

"आणि ती क्लिप?"

गिरिजाकडे आहे. मला तिने दाखवली. एडिटिंगमधल्या जाणत्यांनाही दाखवली. कशी आली, कोणाला सांगता येत नाही.

पण पुष्करने मला एक सांगितलं नव्हतं. ते मीच पाहिलं. हेरंब चमचा जवळ आणतो ना... तेव्हा ते चित्र मधेच अंधारतं. वरून खाली. पुन्हा उघडतं.

पापणी मिटावी तसं.