मागे ठीक?

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच थांबली, दिवा गेला, आणि कानाच्या दवाखान्यात काम करणाऱ्या त्या मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. कुणाला किती ऐकू येतं ते तपासायचं, कानातली यंत्रं बसवून द्यायची, हे तिचं रोजचं काम. आता मात्र तिला स्वतःच्या छातीची धडधड सोडून काही ऐकू येत नव्हतं. ती बटण दाबत राहिली.

बऱ्याच वेळाने डोक्यावरून, लिफ्टच्या छतापलीकडून, आवाज आला.

"आत कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे?"

"कानाच्या दवाखान्यातली."

"म्हणजे ऐकू नीट येतंय. बरं झालं."

तिला हसू आलं, आणि अशा वेळी हसू आलं म्हणून रागही आला.

"मी लिफ्टवाला. थोडा वेळ लागेल. मी अधूनमधून विचारेन, आत ठीक? तुम्ही म्हणायचं, ठीक."

"आणि नाही म्हटलं तर…?"

"मग मला रांगत खाली यावं लागेल. नियम आहे."

"कुठला?"

"आमच्या घरचा."

तो विचारत राहिला, ती ओ देत राहिली. काळोखात एक अनोळखी आवाज आपली विचारपूस करतोय, एवढ्याने तिचा जीव भांड्यात पडला. शेवटी दार अर्धंच उघडलं. वरून एक काळा, तेलकट हात आला, थबकला, मागे गेला, पँटला दोनदा पुसला गेला आणि मग पुन्हा आला. चेहरा तिने नंतर पाहिला. हात तिला आधीच आवडला होता.

त्यानंतर त्या धडधाकट लिफ्टला रोज नवं दुखणं जडू लागलं. तो यायचा, काहीतरी उघडायचा, काहीतरी बंद करायचा, आणि दवाखान्याच्या दारात येऊन विचारायचा, "आत ठीक?"

"लिफ्टला कानाचा आजार झालाय वाटतं," इमारतीचा पहारेकरी म्हणाला. तिने कानाडोळा केला, पण गाल लाल झालेच.

एक दिवस तो आजोबांना घेऊन आला. भुरभुर पाऊस पडत होता. आजोबांच्या टोपीवरचं पाणी त्याने आपल्या रुमालाने टिपलं, तेव्हा ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. हा गडी जन्मात कुणाला टाकून जाणार नाही, असं तिच्या मनाने तिला न विचारताच ठरवून टाकलं.

आजोबा युद्धात विमानावर होते, हे बाहेर बसलेल्या एका निवृत्त मास्तरांना कळलं. त्यांनी उठून आपली खुर्ची दिली. "तुमच्यासारख्यांमुळे आम्ही आज आहोत," ते भरल्या आवाजाने म्हणाले.

आजोबा अवघडले. "चुकीच्या माणसाला सांगताय. मी नुसता मागे बसायचो."

तपासणीच्या बंद खोलीत तिने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. आवाज आला की बटण दाबा, असं खुणेने समजावलं आणि काचेबाहेर आपल्या यंत्रापाशी येऊन बसली. आवाज आला. आजोबांनी बटण दाबलं नाही, ताठ बसून म्हणाले, "मागे ठीक." पुन्हा आवाज, पुन्हा "मागे ठीक." म्हातारपणाने डोकं फिरलं असावं, असं तिला वाटलं. तिच्या शेजारी उभा असलेला नातू हसत नव्हता.

"हाच आमच्या घरचा नियम," तो हळूच म्हणाला. "रोज निघताना मी दारातून मोठ्याने विचारतो, मागे? ते खुर्चीतून म्हणतात, ठीक. का, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही."

त्याला पुन्हा लिफ्टकडे बोलावलं तेव्हा आजोबा तिला सांगू लागले. नातवाला सांगवत नव्हतं ते परक्या पोरीला सांगता आलं. असं होतं कधीकधी.

ते विमानाच्या शेपटीत मशीनगन घेऊन बसायचे, एकटे, उलट्या तोंडाने. विमान कुठे चाललंय ते बाकीच्यांना दिसायचं. आजोबांना फक्त मागे पडलेलं दिसायचं. वैमानिक सगळ्यांना हेडफोनवरून एकेक करून विचारायचा, शेवटी यांना, "मागे?" उत्तर आलं नाही तर कुणीतरी रांगत शेपटीपर्यंत यायचं. बोटं गोठायची, पण ती हाक आली की धीर यायचा.

"एका फेरीत पुढच्या भागावर मारा झाला. मग हाक आलीच नाही. कुणी रांगत आलंही नाही. धूर येत होता, पण विमान सरळ होतं, पोरी. अगदी सरळ. म्हणून मला दार उघडून उडी मारता आली. मी हवाई छत्रीला लोंबकळत वर बघत होतो. मी सुटलो, आणि मग ते पडलं. दुसरं कुणी उतरलं नाही."

ती त्यांच्या कानाशी वाकली. "राग नाही आला? हाक मारली नाही याचा?"

"ज्याचे दोन्ही हात गुंतलेत तो हाक कशी मारणार? विमान सरळ होतं. मला कळलं, पुढे कुणीतरी आहे. लोक माझे आभार मानतात. मी ते मनातल्या मनात त्याला पोचते करतो. माझे नाहीतच ते."

आभार मानावेत तर ते दुसऱ्याला देऊन मोकळे होणार. तिने त्यांच्या कानांत यंत्रं बसवली, काचेपलीकडे गेली, माईक ओढला आणि विचारलं, "मागे?"

आजोबांची पाठ ताठ झाली. हात कानाशी गेला. "मागे ठीक," ते म्हणाले, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते त्यांनी पुसलं नाही. "स्वच्छ आला आवाज. पुन्हा विचार बरं…" तिने पुन्हा विचारलं.

पुढच्या आठवड्यात लिफ्टवाला नुसताच आला. लिफ्टला काही झालं नव्हतं.

"उद्या सकाळी कामाआधी… चहा?"

"लिफ्ट बिघडली तर?"

"बिघडवणारा तुझ्यासमोर बसलेला असेल." 'तुझ्या' म्हटल्याचं दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तो आला, केस विंचरलेले, शर्ट नवा. पहिला घोट घेतला आणि त्याचा फोन वाजला. शेजारणीचा होता. आजोबा खुर्चीतच गेले होते.

ती त्याच्यामागोमाग घरी गेली. माणसं जमली, आजोबांना नेलं, पण त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्यानंतर फोन उचलेना. दवाखान्याचं दार लावल्यावरच लिफ्टची कामं होऊ लागली, आणि लिफ्ट तर आता मेली बिघडतही नव्हती. ती रडली, चिडली, खड्ड्यात जा म्हणाली. मग एका सकाळी पहारेकरी म्हणाला, "आलाय तो. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. कुणाला भेटायचं नाही म्हणतो."

त्या खोलीचं दार कमरेएवढं होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि रांगत आत शिरली. मोटारीपाशी तो पाठ करून बसला होता.

"मागे?" तिने विचारलं.

तो गप्प.

"उत्तर आलं नाही की रांगत यावं लागतं. तुमच्याच घरचा नियम. बघ, गुडघे काळे झाले."

"त्या सकाळी मी हाक न मारता निघालो," तो भिंतीला म्हणाला. "तुझ्याकडे यायची घाई होती. शर्ट दोनदा बदलला, आणि त्यांच्यासाठी एक शब्द झाला नाही. ते वाट बघत बसले असतील. मी पोचलो तेव्हा यंत्रं कानात होती… चालू होती."

तुझी चूक नाही, असं ती म्हणाली नाही. तेवढ्याने भागण्यासारखं ते दुःख नव्हतं. आजोबांनी सांगितलेलं सगळं तिने त्याला सांगितलं, धूर, दार, सरळ चाललेलं विमान आणि न आलेली हाक.

"त्या दिवशी तुझ्या घरी मी पाहिलं," ती म्हणाली. "चहा झाकून ठेवला होतास. गोळ्या काढून ठेवल्या होत्यास. खिडकी लावून घेतली होतीस, वारा लागू नये म्हणून. घर सरळ होतं रे. त्यांना कळलं असणार, पुढे कुणीतरी आहे."

तो ओंजळीत तोंड घालून रडला, आवाज न करता, बराच वेळ. ती शेजारी बसून राहिली. खाली कुणीतरी लिफ्ट बोलावली, मोटार घरघरली, थांबली.

"मागे?" तिने पुन्हा विचारलं.

"ठीक नाही."

"चालेल. ओ तर दिलीस."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "आणि तू… आत ठीक?"

"कसली ठीक. माणूस आवडलाय, आणि तो गच्चीवर लपून बसलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या घरापाशी आली. तो कामाला निघाला होता. उंबऱ्यात तो थांबला, आत वळला आणि रिकाम्या खुर्चीला मोठ्याने विचारलं, "मागे?"

ती बाहेरून ओ देऊ शकली असती. तिने दिली नाही. ती जागा तिची नव्हती. आजोबांना 'ठीक' म्हणायला जेवढा वेळ लागायचा तेवढा तो थांबला. मग दार ओढून घेतलं, हात पँटला दोनदा पुसला आणि तिच्यापुढे केला.