गडूच्या डोक्यावरचा हात

हे माझ्या सख्ख्या काकांच्या घरी घडलंय, आणि मी तिथे होते.

इथे वाचणारे बरेच जण म्हणतील, मशीनच ते, बिघडलं असेल. मला ते सांगू नका. पंप, पंखे, मिक्सर यांच्या जळलेल्या मोटारी गुंडाळून देणं हाच माझा धंदा आहे. तार तुटली की मशीन बंद, इतका साधा हिशोब. त्या घरात तो हिशोब चुकला, म्हणून लिहितेय.

काका घड्याळं दुरुस्त करायचे. खाली दुकान, वर घर. काकूंची कंबर गेली आणि त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा काकांनी एक रोबोट आणला. तो तेव्हाही जुनाच होता. बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. कमरेएवढी उंची, पुढे धरलेलं ताट, खाली तीन चाकं आणि डोकं उपड्या गडूसारखं. म्हणून त्याचं नावच गडू पडलं.

बोलता यायचं नाही. काम एकच यायचं. तिन्हीसांजेला ताटात चहाचा कप घेऊन काकूंच्या खोलीत जायचं आणि पलंगापाशी थांबायचं. काकूंनी डोक्यावर हात ठेवून दाबलं, की माघारी फिरायचं.

नाही दाबलं, तर तिथेच उभं राहायचं. सकाळपर्यंतसुद्धा.

त्याचं डावं चाक वाजायचं. किर्र... किर्र...

काकू हात ठेवायच्या तो लगेच काढायच्या नाहीत. बाम चोळलेल्या हाताने त्याचं डोकं कुरवाळत बसायच्या. गडूच्या डोक्याला कायम बामचा वास. काका चिडवायचे, "आयुष्यभर डोकं माझं खाल्लंस, आणि लाड याच्या डोक्याचे!"

"तुम्हाला दहा हाका माराव्यात तेव्हा एक 'हं' येतो," काकू म्हणायच्या. "हा बिचारा हाक न मारता येतो."

एका संध्याकाळी काका दुकान बंद करून वर आले. गडू अजून पलंगापाशीच उभा होता. चहावर साय धरली होती. काकूंचा हात पलंगाबाहेर आला होता...

गडूच्या डोक्यापर्यंत पोचला नव्हता.

वीतभर राहिला होता.

पुढे काकांनी औषधं, बामच्या बाटल्या, सगळं टाकून दिलं. गडूला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. वेळ झाली की तो निघायचा. काका मागोमाग जायचे, डोक्यावर हात ठेवायचे आणि त्याला परत आणायचे. आम्ही म्हणायचो, चालू दे. म्हाताऱ्या माणसाला तेवढाच विरंगुळा.

मग काका तापाने पडले. मला फोन आला.

"पोरी... गडू परत आला."

"म्हणजे?"

"मला उठवेना. तो एकटाच आत गेला. आणि आला परत."

मी गेले. म्हटलं, स्विच अडकला असणार. गडूच्या डोक्यावरची चकती उघडली. स्विच चांगला होता. तरी मी तो काढला, काकांना दाखवला आणि माझ्या खिशात टाकला.

"आता कुणी घण घातला तरी हा परत फिरणार नाही," मी म्हटलं.

बाहेर उजेड कमी व्हायला लागला. मी चहाचा कप ताटात ठेवला. गडू हलला. किर्र... किर्र... उंबऱ्यावर टक. आत गेला.

आवाज थांबला.

काका कॉटवर उठून बसले होते. मी खिशातला स्विच मुठीत धरून होते.

खोलीत काहीच नाही. पंखासुद्धा बंद...

आणि मग... किर्र.

गडू बाहेर आला. कप भरलेला, तसाच. मी वाकून त्याच्या डोक्याजवळ नाक नेलं.

बाम.

मी दोन पावलं मागे सरले. काका मात्र लहान मुलासारखे रडत हसत होते. "आहे! अगं, आहे ती!"

त्या दिवसापासून काका बदलले. दाढी करायला लागले. चहात आलं जास्त घालायला लागले, काकूंना आवडायचं तसं. माझ्याकडे राहायला चला म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते, तो विषयच संपला. मला तिथे थांबायची भीती वाटायची, पण काकांचा चेहरा बघितला की आग्रह करवायचा नाही.

पण गडूची बॅटरी मरायला टेकली होती. तशी बॅटरी आता कुठेच मिळत नाही. मी दुसऱ्या लावून बघितल्या. एकीने धूर काढला, एकीने तो जागच्या जागी गोल फिरला. काका माझ्या पाठीशी उभे राहून बघायचे. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आलेल्या डॉक्टरकडे बघावं, तसे ते माझ्या तोंडाकडे बघायचे.

"काका, माझ्या हातात काही नाही हो," मी शेवटी सांगितलं.

एका संध्याकाळी गडू उंबऱ्यावर थांबला. पुढचं चाक आत, मागची दोन बाहेर. मग हललाच नाही.

काकांनी त्याच्या ताटातला कप उचलला. स्वतः आत गेले. पलंगापाशी उभे राहिले आणि वाकून डोकं खाली नेलं... गडूच्या उंचीपर्यंत.

मी दारातून बघत होते. बाहेर पूर्ण अंधार झाला.

"काका, चला आता."

"थांब ना. ठेवेल हात."

कुणी हात ठेवला नाही.

ते रोज जायला लागले. रोज तसेच वाकून उभे. बाहेर आले की मला म्हणायचे, "वास घे गं केसांचा." मी घ्यायची. घड्याळाच्या तेलाचा वास यायचा, त्यांच्या अंगाला कायम असायचा तोच. दुसरा कसलाच नाही. खोटं बोलावं असं फार वाटायचं. पण त्यांना स्वतःलाच कळत होतं.

"मला नाही ठेवत ती," एकदा ते म्हणाले. "त्याच्यावरच ठेवते. बरोबरच आहे म्हणा. हाका मारून थकली होती."

शेवटी ते माझ्याकडे यायला तयार झाले. जेवण सुटलं होतं, कपडे अंगावर लोंबत होते. मी बॅग भरली. गडूला बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. त्याची बॅटरी काढून माझ्या पिशवीत टाकली.

"एवढा एक चहा देऊन येतो," काका म्हणाले.

मी खिडकीपाशी रिक्षा येतेय का बघत उभी राहिले. दिवे लागत होते.

मागे... किर्र.

मला वळवेना.

किर्र... किर्र... टक.

वळले तेव्हा कोपरा रिकामा होता.

मी आत धावले. काका गुडघ्यांवर बसले होते, कपाळ पलंगाच्या कडेला टेकलेलं. कप जमिनीवर नीट ठेवलेला. त्यांच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून, गडू उभा होता.

बॅटरी माझ्या पिशवीत होती. पिशवी माझ्या खांद्यावर होती.

"काका?"

काका गेले होते. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय. म्हणोत बापडे.

कुणालाही बोलवायच्या आधी मी एक गोष्ट केली. काकांच्या केसांशी नाक नेलं.

घड्याळाचं तेल. बस्स.

मग गडूच्या डोक्यावर हात ठेवला. ते ओलं होतं. माझी बोटं बामने चुरचुरली.

गडू आता माझ्या दुकानात आहे. भंगारवाल्याला दोनदा बोलावलं आणि दोनदा परत पाठवलं. त्याची चाकं मी काढली आहेत, मोटारही काढली आहे. आत एकही तार ठेवलेली नाही.

तरी उजेड गेला की त्याच्या डोक्याला वास येतो.

शटर ओढण्याआधी मी रोज वाकते आणि वास घेते. भीती वाटते तरी घेते. बामचा येतो...

घड्याळाच्या तेलाचा अजून एकदाही आला नाही.