अडवलेलं पान

विश्वास बसणं कठीण आहे, पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

घडलं ते भर दुपारी. मंगळवार होता. साडेतीन वाजले होते.

माझ्या दोन मावसबहिणींचं टायपिंगचं छोटं ऑफिस. मध्ये लाकडी पार्टिशन, त्याला हातभर खिडकी. पलीकडे ताई, अलीकडे धाकटी. कॉम्प्युटर दोन, प्रिंटर एकच, आणि तोही ताईच्या मशीनला जोडलेला. तिचं मशीन चालू असेल तरच धाकटीचं पान निघायचं.

निघालेलं पान ताई आधी वाचायची. चूक सापडली की तेवढं पान अडवून ठेवायची.

"अगं, 'आशीर्वाद'मधला शी दीर्घ! कितीदा सांगू?"

मग आईच्या आजारपणात दोघींचं बिनसलं. "तुला जन्मभर दुसऱ्याच्या चुकाच दिसल्या," असं धाकटी रागाच्या भरात बोलून गेली.

त्या दिवसापासून ताईनं एकही पान अडवलं नाही. चुकांसकट सगळी पानं खिडकीतून मुकाट्यानं सरकवायची.

सात महिने अबोला.

आणि एके सकाळी ताई झोपेतून उठलीच नाही.

धाकटी रोज ऑफिस उघडायची, ताईचं मशीन चालू करायची आणि तिकडे न बघता आपल्या खुर्चीत येऊन बसायची.

ताई गेल्यावर चौथ्या महिन्यातला तो मंगळवार. तिनं नऊ पानं छापायला दिली. पलीकडे प्रिंटर घरघरला... थांबला...

तिनं खिडकीतून हात घालून ट्रेमधली पानं घेतली. आठच.

सहावं नव्हतं.

पुन्हा छापली. पुन्हा सहावंच नाही.

तिनं स्क्रीनवर सहावं पान उघडलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं... 'आशिर्वाद'.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं शी दीर्घ केला.

पान आलं.

दुसऱ्या दिवशी मशीनवाल्याला बोलावलं. त्यानं प्रिंटर उघडून आतबाहेर पाहिला.

"दोन्ही वेळा नऊ-नऊ पानं छापली म्हणतोय. कागदही तेवढेच कमी झालेत."

"मग सहावं गेलं कुठे?"

त्यानं डोकं खाजवलं. "ताईंचं मशीन मधून काढून टाकू? प्रिंटर थेट तुमच्याला लावतो."

"नको!"

ती एवढ्या जोरात ओरडली की तो दचकलाच.

त्यानंतर ती मुद्दाम चुका करायला लागली. इथे ऱ्हस्व, तिथे दीर्घ. पान अडलं की रिकाम्या ट्रेपुढे हसायची आणि हसता हसता रडायची.

मग एकदा ताई जायची त्या वाचनालयानं तिच्याबद्दल दोन पानं लिहून मागितली. धाकटीनं मन लावून लिहिलं. शेवटी लिहिलं, 'आम्हा बहिणींत कधी दुरावा आला नाही.'

पहिलं पान आलं.

दुसरं... नाही.

तिनं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मग ते वाक्य खोडून तिनं लिहिलं, 'शेवटचे सात महिने आम्ही बोललो नाही. चूक माझी होती.'

कागद आत ओढल्याचा आवाज आला... प्रिंटर घरघरला... थांबला.

ट्रे रिकामा.

याला आता वर्ष होईल. ते पान अजून आलेलं नाही.

परवा तिनं ते मला स्क्रीनवर दाखवलं. मी दोनदा वाचलं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी.

"तूच सांग, काय चुकलंय यात?"

माझी नजर 'चूक माझी होती' या शब्दांवर थांबली. तेवढ्यात पार्टिशनपलीकडे खुर्ची सरकल्यासारखं वाटलं... मी पर्स उचलली आणि निघाले.

दारातून मागे वळून पाहिलं. धाकटी खिडकीपाशी वाकली होती. हात आत घालून.

"ताई, निदान एकदा ओरड तरी गं..."